मतपेटीपाशीं न आलेला मतदार

निवडणुकीचा निकाल लागला म्हणजे दुसऱ्या दिवशीं आपल्याकडे जी चर्चा सुरू होते ती पडलेल्या मतांची असते. कोणत्या तालुक्यानें कोणास हात दिला, कोणत्या पुढाऱ्याची सभा फळास आली, कोणाची फूट कोणाच्या पथ्यावर पडली, याचा खल दिवाणखान्यांत आणि आगगाडीच्या डब्यांत सारखाच रंगतो. परंतु जीं मतें पेटींत पडलींच नाहींत त्यांचा हिशेब क्वचितच कोणी मांडतो. न आलेला मतदार हा जणूं हिशेबांतून वजा झालेला मनुष्य! आमच्या मतें ही इतिहासदृष्टीची मोठी उणीव आहे. लोकसत्तेच्या इतिहासांत कित्येक निकाल उपस्थितांनीं लाविले, तसे कित्येक अनुपस्थितांनींहि लाविले आहेत. या गैरहजेरीची जात कोणती, ती कोण घडवितो आणि तिचें फळ कोणाच्या पदरांत पडतें, याचा थोडा ऐतिहासिक विचार करण्याचें प्रस्तुत लेखांत आम्हीं योजिलें आहे.

हा प्रश्न नवा आहे असें समजण्याचें कारण नाहीं. ज्या अथेन्स नगरीस लोकसत्तेची जन्मभूमि म्हणतात, तेथेंहि नागरिक सभेस वेळेवर येत नसत. ख्रिस्तपूर्व ४२५ सालीं रंगभूमीवर आलेल्या ‘अकार्नियन्स’ या प्रहसनांत ॲरिस्टोफेनीसनें या प्रकाराची टवाळी केली आहे. सभेची वेळ झाली तरी नागरिक बाजारांत गप्पा मारीत असतात आणि गेरूनें माखलेली दोरी चुकवीत इकडून तिकडे पळतात, असें त्याचें चित्र आहे. ही दोरी ताणून धरून लोकांस सभास्थानाकडे हांकीत नेण्याचा प्रघात होता. जो रेंगाळे त्याच्या वस्त्रास तांबडा डाग लागे. पुढें पेलोपोनेशियन युद्धांतील पराभवानंतर, ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकाच्या आरंभाच्या सुमारास, दोरीच्या जोडीस पैसा आला. सभेस येणारास आधीं एक ओबोल, मग दोन, मग तीन असा भत्ता मिळूं लागला. मनुष्यास मतासाठीं घराबाहेर काढण्याचे दोन मुख्य उपाय, धाक आणि सोय, हे असे चोवीसशें वर्षांपूर्वींच करून पाहिले गेले होते. या दोहोंतला भेदहि ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. दोरी बाजारांत हिंडणाऱ्या रिकामटेकड्यासाठीं होती. भत्ता मात्र दिवस बुडाला तर चूल पेटणार नाहीं अशा कारागिरासाठीं होता. एकाच गैरहजेरीचीं दोन निरनिराळीं कारणें अथेन्सनें ओळखलीं होतीं. पुढील काळांत हा विवेक सर्वांसच राहिला असें नाहीं.

मतदानाच्या प्रमाणाचा निकालाशीं संबंध कसा जडतो हें प्रथम साध्या हिशेबानें पाहूं. शंभर मतदारांचा एक गांव कल्पिला, त्यांत साठ शेतमजूर व चाळीस बागाईतदार आणि दुकानदार आहेत, आणि प्रत्येक वर्ग आपापल्या उमेदवारास मत देतो असें धरलें, तर सर्व लोक आल्यास मजुरांचा उमेदवार साठ विरुद्ध चाळीस असा निवडून येईल. दोन्ही वर्गांतील निम्मेच लोक आले तर मतें तीस विरुद्ध वीस पडतील. मतदान पन्नास टक्क्यांवर घसरेल, पण निकाल तोच राहील. आतां मजुरांपैकीं निम्मे आले आणि दुसऱ्या वर्गांतील चाळिसांपैकीं छत्तीस आले असें समजा. मतदान सहासष्ट टक्के होईल, वर्तमानपत्रें त्यास भरघोस म्हणतील, आणि निकाल मात्र उलटा लागेल. सारांश, किती लोक आले या आंकड्याहून न आलेले कोण होते हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. सर्व वर्ग सारखेच गैरहजर राहिले तर गैरहजेरी निरुपद्रवी ठरते. परंतु अशी समभाग गैरहजेरी प्रत्यक्षांत फार विरळा.

हें ध्यानांत न घेतल्यामुळें आपल्याकडे एक समजूत रूढ झाली आहे कीं, मतदान वाढलें म्हणजे सरकार पडतें. लोकसभेच्या निवडणुकांचे आंकडे या समजुतीस आधार देत नाहींत. १९७७ सालीं मतदान सुमारें ५५ टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेलें आणि काँग्रेसचें केंद्रांतील सरकार प्रथमच पडलें, हें खरें. परंतु १९८४ सालीं तें सुमारें ६४ टक्क्यांवर गेलें आणि सत्तेवर असलेल्या काँग्रेसपक्षास चारशेंहून अधिक जागा मिळाल्या. १९८० सालीं मतदान घटलें व सरकार बदललें. १९७१ सालीं तें ६१ टक्क्यांवरून ५५ वर उतरलें आणि इंदिरा गांधी मोठ्या बहुमतानें परत आल्या. २०१४ सालीं मतदान ५८ वरून ६६ टक्क्यांवर चढलें तेव्हां सत्तांतर झालें; २०१९ सालीं तें आणखी चढून ६७ झालें तेव्हां तेंच सरकार कायम राहिलें. चढउतारांच्या या सर्व जोड्या इतिहासांत सांपडतात. तेव्हां नुसत्या टक्केवारीवरून भविष्य वर्तविणें हें नुसत्या पावसाच्या इंचांवरून पीक सांगण्यासारखें आहे. पाऊस कोठें पडला, केव्हां पडला आणि कोणाच्या शेतांत पडला हें पाहिल्यावांचून कोणताहि शेतकरी अंदाज बांधीत नाहीं.

गैरहजेरीचे स्थूलमानानें तीन प्रकार करतां येतात. पहिली अडविलेली गैरहजेरी. मतदार यावयास तयार असतो, पण कायदा, भीति, अंतर किंवा पोट त्यास येऊं देत नाहीं. दुसरी रुसलेली गैरहजेरी. मतदार विचारपूर्वक दूर राहतो व आपलें दूर राहणें हेंच मत समजतो. तिसरी सुस्तावलेली गैरहजेरी. तिला कोणी अडविलेलें नसतें व तिचा कशावर रोषहि नसतो. या तिघींचे परिणाम आणि उपाय अगदीं वेगळे आहेत.

अडविलेल्या गैरहजेरीचें सर्वांत ठळक उदाहरण अमेरिकेच्या दक्षिणेकडील संस्थानांत घडलें. यादवी युद्धानंतर, १८७० सालीं, वर्ण किंवा पूर्वीची गुलामगिरी या कारणास्तव कोणाचाहि मताधिकार हिरावून घेतां येणार नाहीं अशी दुरुस्ती तेथील राज्यघटनेंत झाली. हा शब्द न मोडतां त्याचा प्राण कसा काढावा, याची युक्ति मिसिसिपी संस्थानानें १८९० च्या आपल्या घटनेंत दाखवून दिली आणि इतरांनीं तिचा कित्ता गिरविला. मतासाठीं डोईपट्टी भरली पाहिजे, लिहितां वाचतां आलें पाहिजे, किंवा घटनेंतील कलमाचा अर्थ अधिकाऱ्याचें समाधान होईल असा सांगतां आला पाहिजे, अशा अटी घालण्यांत आल्या. कोणत्या मनुष्यास कोणतें कलम विचारावयाचें हें अधिकाऱ्याच्या मर्जीवर. या चाळणींतून अशिक्षित गोरे गळून पडूं नयेत म्हणून लुइझियाना संस्थानानें १८९८ सालीं ‘आजोबांचें कलम’ काढलें: ज्याचा बाप किंवा आजोबा १ जानेवारी १८६७ रोजीं मतदार होता त्यास परीक्षा माफ! त्या दिवशीं तेथें कोणत्याहि कृष्णवर्णीय मनुष्यास मताधिकार नव्हता, हें सांगणें नकोच. परिणाम आंकड्यांतच पाहावा. लुइझियानांत १८९६ सालीं १,३०,३३४ कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते. १९०४ सालीं ते १,३४२ उरले.

या अनुपस्थितांनीं निकाल कसे लाविले? दक्षिणेंत एका पक्षाची निर्वेध सत्ता दोन पिढ्यांहून अधिक काळ टिकली. खरी चुरस त्या पक्षाच्या आंतल्या प्राथमिक निवडणुकींतच होई, आणि ती गोऱ्यांपुरती राखून ठेवण्याची वहिवाट होती. ती वरिष्ठ न्यायालयानें १९४४ सालीं बेकायदा ठरविली. ज्यांस प्रतिस्पर्धी नाहीं ते प्रतिनिधि पुनःपुन्हां निवडून येत, आणि अमेरिकन काँग्रेसमध्यें जुन्या सभासदास समितीचें अध्यक्षपद मिळण्याची रीत असल्यामुळें, थोडक्या मतांवर निवडून आलेले हे गृहस्थ सबंध राष्ट्राच्या कायद्यांच्या वाटेवर ठाण मांडून बसले. मतपेटीपाशीं येऊं न दिलेल्या मनुष्याची किंमत केवळ त्याच्या तालुक्यानें नव्हे तर साऱ्या देशानें दिली. शिवाय डोईपट्टीची झळ गरीब गोऱ्यांसहि लागली. एकास वगळण्यासाठीं बांधलेलें कुंपण सहसा एकासच वगळून थांबत नाहीं. १९६५ चा मताधिकार कायदा झाल्यावर कुंपण पडलें, आणि मिसिसिपींत कृष्णवर्णीयांची नोंदणी ६.७ टक्क्यांवरून १९६७ पर्यंत ५९.८ टक्क्यांवर गेली. पाऊण शतक ज्या लोकांविषयीं ‘त्यांना राजकारणाची गोडीच नाहीं’ असें खुशाल म्हटलें जात होतें, त्यांनीं दोन वर्षांत आपली गोडी दाखवून दिली.

रुसलेल्या गैरहजेरीचें उदाहरण शोधण्यास दूर जावयास नको. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांप्रमाणें नव्या कायदेकौन्सिलांच्या निवडणुका १९२० च्या अखेरीस झाल्या. मताधिकार मालमत्तेवर आधारलेला, म्हणून फारच थोड्यांस. त्यांतहि असहकारितेच्या ठरावामुळें काँग्रेसनें या निवडणुकांवर बहिष्कार घातला. त्या बहिष्कारांतील तेज आणि त्याग यांविषयीं कोणाचेंहि दुमत होणार नाहीं. परंतु कौन्सिलाच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या नाहींत. मुंबई इलाख्यांत नेमस्त मंडळी आंत गेली. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे शिक्षणमंत्री झाले, आणि त्यांच्या कारकीर्दींत १९२३ सालीं प्राथमिक शिक्षणाचा कायदा संमत झाला. ब्राह्मणेतर पक्षानेंहि बहिष्कार मानला नाहीं; कौन्सिलांत शिरून आपल्या समाजाच्या शाळा, वसतिगृहें व नोकऱ्या यांचे प्रश्न त्यानें तेथें मांडले. म्हणजे एका पक्षाच्या रुसव्यानें दुसऱ्या दोन पक्षांस कारभाराचें शिक्षण मिळालें. हें चांगलें झालें कीं वाईट, हा ज्याच्या त्याच्या दृष्टीचा प्रश्न. पण निकाल बहिष्कारानें घडविला यांत शंका नाहीं. खुद्द काँग्रेसमध्येंच चित्तरंजन दास आणि मोतीलाल नेहरू यांस हें लौकरच उमगलें, आणि १९२३ सालीं स्वराज्यपक्ष काढून ते निवडणुकीच्या मैदानांत उतरले.

अलीकडचें उदाहरण शेजारच्या बांगलादेशाचें आहे. ५ जानेवारी २०१४ च्या तेथील निवडणुकीवर मुख्य विरोधी पक्षानें बहिष्कार टाकला आणि ३०० पैकीं १५३ जागा बिनविरोध गेल्या. अर्ध्याहून अधिक देशास मत देण्याची वेळच आली नाहीं. बहिष्कारानें प्रतिपक्षाची नैतिक प्रतिष्ठा खालावते, परंतु त्याची सत्ता खालावत नाहीं. ज्या समाजांत नैतिक प्रतिष्ठेचें रूपांतर सत्तेंत करणारी दुसरी चळवळ हाताशीं आहे, तेथेंच बहिष्कार हें शस्त्र ठरतें. १९२० सालीं ती चळवळ गांधीजींच्या हातीं होती. एरवीं तो केवळ रिकामी केलेली जागा ठरतो.

आतां तिसरी, सुस्तावलेली गैरहजेरी. तिच्या इतिहासांत १९२४ हें वर्ष विशेष लक्षांत ठेवण्यासारखें आहे. कारण त्या एकाच वर्षीं पृथ्वीच्या दोन टोकांस तिच्यावर दोन अगदीं भिन्न उपाय योजिले गेले. एक ऑस्ट्रेलियांत, दुसरा शिकागो शहरांत.

ऑस्ट्रेलियांतील कथेचा आरंभ दहा वर्षें आधीं क्वीन्सलँड प्रांतांत होतो. तेथें डिग्बी डेनहॅम यांचें उदारपक्षीय सरकार होतें. मजूरपक्षाच्या पाठीशीं कामगारसंघ असल्यामुळें तो पक्ष आपले मतदार हाताला धरून आणतो आणि आपले स्वस्थ सुखवस्तु मतदार मात्र घरीं बसतात, अशी या सरकारास धास्ती होती. त्यावर उतारा म्हणून त्यानें १९१४ सालीं मतदान सक्तीचें केलें. १९१५ सालीं निवडणूक झाली, मतदान सुमारें ७५ टक्क्यांवरून ८८ टक्क्यांवर गेलें, आणि टी. जे. रायन यांच्या नेतृत्वाखालीं मजूरपक्ष सत्तेवर आला. खुद्द डेनहॅम आपल्या मतदारसंघांत पडले! घरीं बसलेले लोक आपलेच आहेत ही सुखवस्तु पक्षाची समजूत निवडणुकीनें खोटी ठरविली. प्रत्येक पराभूत पक्षास असेंच वाटत असतें कीं, न आलेले सगळे आपले होते.

अखिल ऑस्ट्रेलियाच्या पार्लमेंटसाठीं १९२२ सालीं जी निवडणूक झाली तींत मतदान ६० टक्क्यांच्याहि खालीं गेलें. मतदारयादींत नांव घालणें १९११ सालींच सक्तीचें झालें होतें. तेव्हां नांवें होतीं, माणसें नव्हतीं. १९२४ सालीं टास्मानियाचे सेनेटर हर्बर्ट पेन यांनीं सक्तीच्या मतदानाचें बिल खासगी रीत्या आणलें, आणि फारसा वादविवाद न होतां तें मंजूर झालें. १९२५ च्या निवडणुकींत मतदान ९१ टक्क्यांवर गेलें. या खेपेस मात्र सत्तेवर असलेल्या ब्रूस यांच्या संयुक्त सरकारासच जय मिळाला. एकाच उपायानें एके ठिकाणीं सरकार पाडलें व दुसरे ठिकाणीं तारलें, हें पाहून सक्तीचा निकालाशीं कांहींच संबंध नाहीं असें वाटण्याचा संभव आहे. परंतु एका निवडणुकीस शेंकडों कारणें असतात. एका उपायाचा परिणाम पाहण्यास अनेक निवडणुका एकत्र पाहाव्या लागतात. ऑस्ट्रेलियाच्या प्रांतांनीं सक्ति वेगवेगळ्या सालीं आणली या गोष्टीचा उपयोग करून अँथनी फाउलर या अभ्यासकानें असा हिशेब केला. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निबंधाप्रमाणें, सक्तीनें मजूरपक्षाचीं मतें व जागा सात ते दहा टक्क्यांनीं वाढल्या, आणि पुढें वृद्धांच्या पेन्शनवरील खर्चहि वाढला. म्हणजे न येणारांत श्रमजीवी लोकांचा भरणा अधिक होता. ते आले तेव्हां राज्याच्या तिजोरीचें तोंड थोडें त्यांच्याकडे वळलें.

सक्तीविरुद्ध तक्रार झाली नाहीं असें नाहीं. जड नांवाच्या एका समाजसत्तावादी गृहस्थानें, उभे असलेले सर्वच उमेदवार भांडवलशाहीचे पाईक असल्यामुळें आपणांस मत देणें अशक्य होतें, असा बचाव केला. १९२६ सालीं तेथील वरिष्ठ न्यायालयानें तो फेटाळला. न्यायमूर्ति हिगिन्स यांनीं मात्र भिन्नमत नोंदविलें. रुसलेल्या मतदारास सुस्त मतदाराचा दंड लावावा काय, हाच तो प्रश्न होता, आणि आमच्या मतें हिगिन्स यांची शंका अगदींच निराधार नव्हती. तथापि ऑस्ट्रेलियाच्या यशाचें श्रेय केवळ दंडास देणें चूक होईल. दंड तर आजहि अवघा वीस डॉलर आहे. तेथें मतदान शनिवारीं होतें, टपालानें मत देतां येतें, आधींच्या दिवसांतहि मत देण्याची सोय आहे. राज्यानें मतदाराच्या दारापर्यंत यावयाचें आणि मग मतदारानें उंबरठा ओलांडावयाचा, असा तो उभयपक्षीं करार आहे. त्या करारांतहि एक वैगुण्य दीर्घकाळ राहिलें. तेथील मूळच्या रहिवाशांस अखिल देशाच्या निवडणुकांत मत नोंदविण्याचा सार्वत्रिक हक्क १९६२ सालीं मिळाला. इतरांस मत देण्याची सक्ति आणि यांस मत देण्याची मनाई, असा विपरीत प्रकार एकाच भूमीवर कित्येक वर्षें चालू होता.

शिकागोचा प्रयोग अगदीं निराळा. तेथील विश्वविद्यालयांतील चार्लस मेरियम आणि हॅरल्ड गॉसनेल यांनीं प्रथम १९२३ च्या नगराध्यक्षाच्या निवडणुकींत मत न दिलेल्या सुमारें ६००० लोकांच्या भेटी घेऊन त्यांचीं कारणें टिपलीं. आजारपण, प्रवास, कामावरून सुटी न मिळणें अशीं कारणें निघालींच. पण सर्वांत मोठा भाग सर्वसाधारण उदासीनतेचा होता, आणि बायकांनीं राजकारणांत पडूं नये म्हणून मत न देणाऱ्या स्त्रियाहि आढळल्या. पुढील वर्षीं गॉसनेल यांनीं सुमारें ६००० लोकांची यादी करून तिचे दोन भाग केले. एकास मतदानाची आठवण देणारीं पत्रें पाठविलीं, दुसऱ्यास कांहींच पाठविलें नाहीं. परदेशांतून येऊन वसलेल्यांस त्यांच्या त्यांच्या भाषेंत पत्रें गेलीं. पत्रें मिळालेल्यांत नोंदणी आणि मतदान स्पष्टपणें अधिक झालें. समाजशास्त्रांत प्रयोगशाळेची रीत इतक्या लौकर वापरल्याचीं उदाहरणें थोडीं आहेत.

या रीतीस पुढें मोठी फळें आलीं. २००६ सालीं मिशिगन संस्थानांत गर्बर, ग्रीन आणि लॅरिमर यांनीं सुमारें १,८०,००० कुटुंबांवर असाच प्रयोग केला. कांहींस केवळ कर्तव्याची आठवण देणारें पत्र गेलें. कांहींस असें पत्र गेलें कीं, ज्यांत त्यांचें स्वतःचें आणि शेजाऱ्यांचें मागील मतदान छापलें होतें, आणि निवडणुकीनंतर सुधारलेली यादी पुन्हां सर्वांस पाठविली जाईल अशी सूचना होती. पत्र न गेलेल्यांत मतदान २९.७ टक्के झालें. शेजाऱ्यांची यादी मिळालेल्यांत तें ३७.८ टक्के झालें. केवळ कर्तव्य सांगणाऱ्या पत्राचा परिणाम याच्या पाव हिश्श्याएवढाहि झाला नाहीं. ‘लोक काय म्हणतील’ या आपल्या घरोघरच्या वाक्याचें सामर्थ्य अमेरिकन प्राध्यापकांनीं आंकड्यांत मोजून दिलें, असें म्हणावयास हरकत नाहीं. मत देणें हें एकान्तांतील कृत्य असलें तरी मत द्यावयास जाणें हें चारचौघांतील कृत्य आहे, आणि मनुष्य जे चारचौघांत दिसतें तें अधिक निगुतीनें करतो.

आतां आपल्या घराकडे वळूं. १९५१–५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकींत सुमारें १७ कोटी ३० लाख मतदारांपैकीं बहुसंख्य निरक्षर होते. प्रत्येक उमेदवाराची निराळी पेटी आणि तिच्यावर त्याचें चिन्ह, अशी योजना करून ही अडचण दूर करण्यांत आली. पण एक अडचण पेटीनें सुटणारी नव्हती. सुमारें २८ लाख स्त्रियांनीं यादी करणारास आपलें नांव सांगितलें नाहीं. त्या अमक्याची आई किंवा तमक्याची बायको म्हणूनच नोंदविल्या गेल्या. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनीं अशीं नोंद ग्राह्य धरण्याचें नाकारलें व त्या स्त्रियांचीं नांवें यादींतून गळलीं. हा निर्णय त्या वेळीं कठोर वाटला. पण स्वतःचें नांव सांगणें ही नागरिकत्वाची पहिली पायरी आहे हा त्यांतला आग्रह योग्यच होता. १९६२ सालीं लोकसभेसाठीं पुरुषांचें मतदान सुमारें ६३ टक्के तर स्त्रियांचें सुमारें ४७ टक्के होतें. हें सोळा टक्क्यांचें अंतर हळूहळू आटत गेलें, आणि २०१९ सालीं स्त्रियांचें प्रमाण पुरुषांहून किंचित् अधिक भरलें. शिक्षण, गांवोगांवचे बचतगट, आणि १९९३ पासून पंचायतींत मिळालेल्या राखीव जागा या सर्वांचा हा एकत्रित परिणाम असावा असें आम्हांस वाटतें. त्याचें राजकारणांतील फळहि दिसतेंच. आज कोणताहि पक्ष आपल्या जाहीरनाम्यांत गॅस, पाणी, शौचालय आणि थेट स्त्रीच्या खात्यांत जमा होणारी रक्कम यांवांचून पुढें येत नाहीं. जो वर्ग मतपेटीपाशीं येऊं लागला त्याच्या चुलीकडे राज्यकर्त्यांचें लक्ष गेलें, ही ऑस्ट्रेलियांतील पेन्शनचीच कथा दुसऱ्या वेषांत आहे.

महाराष्ट्रांतील चित्र मात्र विचार करावयास लावणारें आहे. नोव्हेंबर २००८ मध्यें मुंबईवर हल्ला झाला. त्यानंतर सुशिक्षित नागरिक मेणबत्त्या घेऊन हजारोंनीं गेटवेपाशीं जमले आणि राज्यकर्त्यांविषयींचा संताप त्यांनीं मोकळेपणीं बोलून दाखविला. पांच महिन्यांनीं, ३० एप्रिल २००९ रोजीं, मतदानाचा दिवस आला; लागून महाराष्ट्रदिनाची सुटी होती. ज्या दक्षिण मुंबईंत हा हल्ला झाला तेथें मतदान सुमारें ४० टक्के झालें. २०२४ सालीं तेथें तें सुमारें ५० टक्के होतें. त्याच वर्षीं गडचिरोली-चिमूर मतदारसंघांत, जेथें कांहीं केंद्रांवर अधिकाऱ्यांस हेलिकॉप्टरनें न्यावें लागतें आणि संवेदनशील भागांत मतदान दुपारीं तीन वाजतांच आटोपावें लागतें, तेथें तें सुमारें ७२ टक्के झालें. न्यायास अनुसरून हेंहि सांगितलें पाहिजे कीं, शहरांतील याद्यांत बिऱ्हाड बदललेल्यांचीं आणि मृतांचीं नांवें राहतात, त्यामुळें टक्केवारी आहे त्याहून कमी दिसते. परंतु तेवढ्यानें बावीस टक्क्यांचें अंतर भरून निघत नाहीं. रान तुडवून येणारा मतदार आणि लिफ्टनें उतरून न येणारा मतदार एकाच राज्यांत राहतात, हें कबूल करणें भाग आहे.

याच महाराष्ट्रांत अडविलेला मतदारहि आहे. बीड जिल्ह्यांतून दरवर्षीं लाखों ऊसतोड मजूर मुकादमाची उचल फेडण्यासाठीं जोडप्यानें ‘कोयत्यावर’ जातात. गळीत हंगाम नोव्हेंबरच्या सुमारास सुरू होतो. २०२४ च्या विधानसभेचें मतदान २० नोव्हेंबरला होतें. ज्याचें नांव गांवच्या यादींत आणि खोपटें शेंकडों मैलांवरच्या कारखान्याच्या फडांत, त्यानें मत द्यावयाचें कसें? सीमेवरील सैनिकास टपालानें मत देतां येतें. फडांतल्या मजुरास ती सोय नाहीं. त्याच्या न येण्यास आळस म्हणणें हा केवळ शब्दांचा नव्हे, न्यायाचा गोंधळ होईल.

म्हणूनच सक्तीच्या मतदानाचा जो विचार आपल्याकडे मधून मधून डोकें वर काढतो, त्याविषयीं आम्ही सावध आहों. गुजराथेंत स्थानिक संस्थांच्या निवडणुकांसाठीं असा कायदा २००९ सालीं विधानसभेनें केला, २०१४ सालीं त्यास राज्यपालांची संमति मिळाली, आणि २०१५ सालीं उच्च न्यायालयानें त्याच्या अंमलास स्थगिती दिली. ऑस्ट्रेलियाचा दंड तेवढा उचलला आणि त्याच्या आधीं आलेली सोय उचलली नाहीं, तर दंडाची पावती प्रथम कोणाच्या हातीं पडेल? सदनिकेंत झोपलेल्या गृहस्थाच्या नव्हे. त्याच्यापाशीं कारण सांगण्यास वकील आणि दाखला देण्यास डॉक्टर आहे. ती पडेल फडांतल्या मजुराच्या हातीं. अडविलेल्या मतदारास सुस्त समजून शिक्षा करणें म्हणजे अमेरिकेंतील डोईपट्टीची चूक उलट्या अंगानें करणें होय. तेथें गरिबानें मत देण्याबद्दल पैसे भरावयाचे होते, येथें मत देतां न आल्याबद्दल भरावे लागतील.

तेव्हां इतिहासाचा निष्कर्ष असा दिसतो कीं, तिन्ही गैरहजेऱ्यांस तीन उपाय आहेत. अडविलेल्यासाठीं आडकाठी दूर करावी. मत जेथें मजूर आहे तेथें नेण्याची व्यवस्था करावी, आणि हें काम सरकारचें व निवडणूक आयोगाचें आहे. रुसलेल्यास रुसवा नोंदविण्याची जागा द्यावी. २०१३ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानें ‘वरीलपैकीं कोणीही नाहीं’ हें बटण मिळालें आहे, त्यामुळें आतां घरीं बसून निषेध केल्याचें समाधान मानण्यास फारसा आधार उरलेला नाहीं. राहिला सुस्तावलेला. त्याच्यासाठीं कायद्याहून शेजाऱ्याचा उपाय गुणकारी आहे, असें शिकागो व मिशिगन सांगतात. आमचे बहुतेक वाचक या तिसऱ्या प्रकाराच्या शेजारीं राहतात. मतदानाच्या दिवशीं सकाळीं जिन्यांत भेटणाऱ्या शेजाऱ्यास ‘जाऊन आलांत काय?’ एवढें विचारण्यास पैसा पडत नाहीं, आणि त्याचें उत्तर देतांना होणारा संकोच कोणत्याहि दंडाहून अधिक काम करतो. निकालानंतर पांच वर्षें जो कारभार चालतो तो न आलेल्यांच्या नांवानेंहि चालतो. त्याविषयीं कुरकुरण्याचा हक्क त्यांस कायद्यानें राहतो खरा, परंतु त्या कुरकुरीस वजन तेवढें राहत नाहीं.